किकापूला जाण्याआधी भरायचा फॉर्म

हॅरो
९ मार्च २०२५

दिनाबाई, नमस्कार.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवत राहिलं आणि वीस मिनिटांत आपण एकमेकींना 'काय?' याखेरीज काही विचारलं नाही. म्हणून पत्र. फर्स्ट क्लासचं तिकीट लावलं आहे. तुम्हीही तेच लावा, सेकंड क्लासने उत्तर येईपर्यंत ऑगस्ट उजाडेल.

जयची ईमेल तुम्हाला आली असेलच. ऑगस्टमध्ये आठवडाभर, मॅडिसनहून गाडीने दोन तासांवर, किकापू नावाच्या नदीकाठी लाकडी केबिन. तो, मायकेला, मायरा आणि आपण दोघी आज्या. त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या मुलाने आणि तुमच्या मुलीने आपल्या दोघींना एकाच वेळी कधी अमेरिकेला बोलावलं नव्हतं. मला बरं वाटलं. मग मी केबिनचे फोटो उघडले.

शौचालय केबिनच्या बाहेर आहे. चाळीस पावलांवर, झाडीत. आत पाणी नाही, लाकडाचा भुसा टाकायचा. मी हे तीनदा वाचलं, कारण माझा विश्वास बसेना. जयला विचारलं तर म्हणाला, आई, त्यालाच रस्टिक म्हणतात. मी पंचाहत्तरीला टेकले आहे आणि विस्कॉन्सिनच्या जंगलात माझी सून, माझा मुलगा आणि माझी विहीण यांच्यादेखत हातात टॉर्च घेऊन चाळीस पावलं चालत जाणार आहे. फोनला रेंज नाही. गोचिड्या आहेत, त्या चावल्या तर आजार होतो. हे सगळं ते लोक आपल्या वेबसाइटवर अभिमानाने लिहितात.

असो. जायचं ठरलं म्हणजे नीट जायचं. तुम्हाला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यातली बारा वर्षं डेप्युटी हेड होते. वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट, एकदा नॉर्मंडी, मुलांच्या किती सहली नेल्या त्याची मोजदाद नाही. एकही मूल हरवलं नाही. एक शिक्षक हरवले होते, ते पबमध्ये सापडले. हे जमलं ते फॉर्ममुळे. तोच फॉर्म सोबत जोडला आहे. नाव, पत्ता, औषधं, ॲलर्जी, पोहता येतं का, अडचण आली तर कुणाला कळवायचं आणि त्या व्यक्तीशी नातं काय. काळ्या शाईत भरावा. मुलांना ईमेलने पाठवला आहे. प्रत्येकाने स्वतःचा स्वतः भरायचा, नवरा-बायकोने एकमेकांचे भरायचे नाहीत. मायराही स्वतःचा भरेल आणि पोस्टाने पाठवेल. आठ वर्षांच्या मुलीला आपला पत्ता लिहिता आलाच पाहिजे.

खोल्या दोन आहेत आणि वर एक माळा. जय-मायकेला एका खोलीत, आपण दोघी दुसरीत, मायरा माळ्यावर. मी घोरते. तुम्ही यंत्र काढून झोपता, त्यामुळे या बाबतीत आपली जोडी उत्तम आहे.

मधुमती गुप्ते


मँचेस्टर
१६ मार्च

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारची बाई विचारायला आली. अहो, माझा जन्म अलिबागजवळचा. आमच्याकडे ती खोली विहिरीच्याही पलीकडे होती आणि वाटेत बदकं अंगावर यायची. नंतर बत्तीस वर्षं हॉस्पिटलात काढली, शेवटची चौदा वॉर्ड सिस्टर म्हणून. भुशाचं मला काय सांगता. मी पुढे चालेन, तुम्ही मागून या.

फॉर्म भरला आहे. पोहता येतं का, तर येतं. औषधं सहा आहेत, त्यांची यादी मागच्या बाजूला लिहिली आहे. अडचणीला मायकेलाचं नाव घातलंय. ऍरनसारखा नवरा गेल्यावर दुसरं कुणाचं घालणार.

एक सुचवू का, रागावू नका. मुलांच्या मागे फॉर्मचं लावू नका. दोघांना कामं फार असतात. आणि खोल्यांचं म्हणाल तर आपण दोघी आणि मायरा मिळून एक खोली घेऊ, बाकी कोण कुठे झोपणार ते त्यांचं त्यांना ठरवू दे. मायराला आजीजवळ झोपायला आवडतं. माळा मोकळा राहिला तर बिघडत नाही.

सामानाच्या यादीत पातळ पोहे दोन किलो लिहा. न्याहारीचे वेगळे, हे माझे. मला नदीकाठी मलिदा करायचा आहे. तुम्ही मुलांच्या लग्नाआधी आमच्या घरी खाल्ला होता, आठवतोय? पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. तुम्ही म्हणाला होतात की प्रसादाचा शिरा वाटावा इतका छान झालाय आणि ऍरन दिवसभर ते सगळ्यांना सांगत होता. एलियाहू हन्नाबीला, आम्हा ज्यूंच्या त्या प्रेषिताला, नवस बोलले आहे. कसला ते आता विचारू नका, नदीवर सांगेन.

किकापू हे नाव मला फार आवडलं. ट्राममध्ये बसले की मनात म्हणत राहते.

तुमची,
दिना


हॅरो
४ एप्रिल

दिनाबाई,

तुमचा फॉर्म निर्दोष आहे. हस्ताक्षरही वाचता येतं, हे नर्सिंगमधल्या माणसाच्या बाबतीत विशेष. मुलांच्या फॉर्मविषयी मात्र मला तुमच्याशी बोललंच पाहिजे, कारण ते वाचून मी थक्क झाले.

मायकेलाने पत्ता चुकीचा लिहिला आहे. घराचा नाहीच, कुठल्यातरी अपार्टमेंटचा, तळ्याच्या दुसऱ्या बाजूचा. ऑफिसचा असेल, किंवा जुना. स्वतःच्या घराचा पत्ता. आणि अडचण आली तर कुणाला कळवायचं, तर दिना रोहेकर, आई, मँचेस्टर. शेजारच्या उशीवर नवरा झोपलेला असताना ही मुलगी चार हजार मैलांवर कानाला यंत्र लावणाऱ्या बाईला फोन करा म्हणते. यंत्राचा उल्लेख मनाला लावून घेऊ नका, मी केवळ सोयीचं बोलते आहे.

पुढचं ऐका. मग जयचा फॉर्म उघडला. त्यानेही तुमचंच नाव घातलं आहे. दिना रोहेकर, मँचेस्टर, आणि नात्याच्या रकान्यात आई. माझ्या मुलाने. सासू म्हणायलाही विसरला. मग उलगडा झाला. दोघांनी एका टेबलावर बसून एकमेकांचं बघून उतरवलं आहे. उतरवलेला पेपर मी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओळखते, तेवढीच माझी नोकरी होती.

तर मी दोन्ही फॉर्म लाल शाईत दुरुस्त केले. मायकेलाचा अपार्टमेंटचा पत्ता खोडून घराचा घातला. तिच्या रकान्यात जय, नवरा. जयच्या रकान्यात मायकेला, बायको. खाली शेरा लिहिला, 'लक्ष देऊन भरावे.' स्कॅन करून दोघांना परत पाठवले. उत्तर कुणाचंच नाही. मायराचा फॉर्म अजून आलेला नाही. जय म्हणतो हरवला. मी दुसरा पाठवला आहे, थेट मायराच्या नावाने, आत तिकीट लावलेलं पाकीट घालून. अमेरिकेचं तिकीट मिळवायला मला एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीचा उपयोग करावा लागला.

नदीचा नकाशा मिळाला. तिथे होडी पुलापासून पुलापर्यंत चालवतात आणि पुलांना नंबर आहेत. ही एक गोष्ट मला त्या प्रदेशाची पसंत पडली.

मधुमती


मँचेस्टर
११ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं तेव्हापासून चहा गोड लागत नाही. फॉर्म परत पाठवायला नको होते. लाल शाईत तर नकोच होते. आता झालं ते झालं, पण मायराला आणखी पत्र घालू नका. लहान आहे. तिला कशाला पत्ते विचारायचे. मी विनंती करते असं समजा.

जयने माझं नाव घातलं त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मी नर्स होते म्हणून घातलं असणार. शिवाय माझा नंबर त्याला पाठ आहे. मुलं अशा वेळी जे पाठ असतं तेच लिहितात.

बाकी तयारी चालू आहे. शाल्मली, आमच्या गल्लीतली, कॅम्पिंगला फार जाते. तिने मला टोपी असलेला रेनकोट दिलाय, तो घातला की मी बुजगावण्यासारखी दिसते. गोचिड्यांसाठी फिक्या रंगाचे लांब मोजे घ्यायचे, म्हणजे चढताना दिसतात. तिथे बांगडा मिळेल का? मिळाला तर मी नारळाच्या दुधातली कढी करेन. जयला फार आवडते. जानेवारीत दुप्पट केली होती तरी पातेलं पुसून संपवलं त्याने.

पोहे विसरू नका.

दिना


हॅरो
२९ एप्रिल

दिनाबाई,

मायराचा फॉर्म आज सकाळी आला. जांभळ्या स्केचपेनने भरला आहे, शाईचा नियम तिने पाळलेला नाही. पत्त्याच्या चौकोनात मधोमध उभी रेघ मारली आहे. डावीकडे सोमवार, मंगळवार, बुधवार, मम्मीचं अपार्टमेंट. उजवीकडे गुरुवार, शुक्रवार, डॅडीचं घर. शनिवार-रविवार आलटून पालटून. खाली टीप, मांजर डॅडीकडेच असते.

तपासण्यासाठी मी लाल पेनाचं टोपण काढून बसले होते. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मुलीने उत्तर बरोबर लिहिलं आहे. मायकेलानेही बरोबरच लिहिलं होतं. मी तिचा पत्ता खोडून तिला शाईने तिच्या नवऱ्याच्या घरी परत पाठवलं, आणि खाली शेरा दिला.

दुसरं. तुम्ही लिहिता की जानेवारीत जयने तुमच्या हातची कढी खाल्ली. जानेवारीत जय कॉन्फरन्ससाठी बर्लिनला होता. त्याने मला तिथून फोन केला होता. म्हणजे तिथून केला असं मला सांगितलं होतं.

माझे प्रश्न तीन आहेत. घरं वेगळी केव्हापासून झाली? तुम्हाला केव्हापासून माहीत आहे? जानेवारीत माझा मुलगा कुठे होता?

उत्तर मुद्देसूद असावं. रेनकोट नको.

म. गुप्ते


मँचेस्टर
३ मे

मधुमतीबाई,

मुद्देसूद लिहिते.

घरं वेगळी झाली ती गेल्या ऑक्टोबरात. मला तेव्हापासूनच माहीत आहे, दोघांनी मिळून फोनवर सांगितलं, म्हणजे मायकेला कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरत होती, कारण माझं यंत्र बिघडलं होतं. तिने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं ते वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही, इथे लिहीत नाही. कुणी तिसरं माणूस नाही. कुणी कुणावर हात उगारला नाही. मी वाईट काहीतरी शोधलं, सापडलं नाही. ती म्हणते, मम्मी, आम्ही एकमेकांशी फार नीट वागायला लागलो होतो, ऑफिसातल्यासारखं. भांडणही वेळ ठरवून करायचो.

जानेवारीत जय माझ्याकडे होता. अठरा दिवस. ऍरनच्या खोलीत झोपायचा. बर्लिनचा फोन त्याने माझ्या स्वयंपाकघरातून केला आणि नंतर बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

तो इंग्लंडला आला होता तो तुम्हाला सांगायलाच. माझ्याकडे एक दिवस थांबून पुढे हॅरोला येणार होता. दोनदा निघाला. पहिल्यांदा युस्टन स्टेशनवरूनच परत आला. दुसऱ्यांदा मेट्रोपॉलिटन लाइनने हॅरोपर्यंत पोचला, तुमच्या रस्त्यावर आला. पाच वाजले होते, अंधार पडला होता. समोरच्या बाजूला टपालपेटीजवळ उभा राहिला. तुम्ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसून काहीतरी तपासत होतात, खिडकीतून दिसत होतात. वीस मिनिटं उभा होता. मग शेवटच्या आधीच्या गाडीने मँचेस्टरला परत आला आणि त्याने कढी मागितली. ती ही कढी.

मी विचारलं, अरे, आई खाऊन टाकेल का तुला? तो जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते, कारण तुम्हाला अर्धवट वाक्यं आवडत नाहीत. "दिनामम्मी, आई ओरडली तर मी सहन करेन. पण ती ओरडणार नाही. ती लाल पेन घेईल आणि विचारेल, कुठल्या स्टेपला चुकलं, दाखव."

मी तुम्हाला का सांगितलं नाही? वॉर्डमध्ये एक नियम होता. पेशंटचं पेशंटला सांगू द्यायचं. नातेवाईक दाराशी उभे राहून सिस्टर, सिस्टर करतात, त्यांचे चेहरे बघवत नाहीत, तरी आपण बोलायचं नाही. तोच नियम पाळला. चुकलं असेल. केबिनचा बेत त्या दोघांचा. तिथे, होडीत बसल्यावर तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं. होडीतून तुम्हाला उठून जाता येणार नाही असं जय म्हणाला. मी म्हटलं, तुझी आई पोहत जाईल.

नवस कसला होता तेही सांगते. दोघं परत एका घरात राहिले तर मलिदा करीन, असा. ऑक्टोबरापासून रोज म्हणते. ते काही होत नाही, हे मला मार्चमध्येच कळलं होतं, तरी तुम्हाला पोहे आणायला सांगितले.

आणि एक, ते प्रश्नात नव्हतं. घटस्फोटाचे कागद झाले की तुम्ही माझ्या कोण? मला मराठीत पत्र लिहिणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

दिना


हॅरो
१४ जून

दिनाबाई,

सहा आठवडे मी कुणालाच पत्र लिहिलं नाही. तुम्ही दोन कार्डं पाठवलीत, ती मिळाली. पहिल्यावरचं बदक मी नीट पाहिलं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी पहिले दोन तास मी फक्त तुमच्यावर रागावलेली होते. तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी तुमच्या वॉर्डाच्या दाराशी उभी असलेली नातेवाईक नव्हते. मी त्याची आई आहे. हे मी विसरणार नाही आणि विसरले असं दाखवणारही नाही.

तिसऱ्या तासाला मी स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि बाहेर पडून टपालपेटीजवळ जाऊन उभी राहिले. मे महिन्यात संध्याकाळी पाचला लख्ख ऊन असतं, दिव्याचा काही उपयोग नव्हता, तरी लावला. शेजारचा यतीन गाडी धूत होता. त्याने विचारलं, आंटी, किल्ली आत राहिली का? मी म्हटलं, नाही, घर बघते आहे. तो बिचारा पुन्हा गाडी धुऊ लागला.

वीस मिनिटं घड्याळ लावून उभी राहिले. तिथून काय दिसतं ते सांगते. टेबल दिसतं. त्यावर कागदांची चळत. मगमध्ये उभी केलेली पेनं, चार लाल, एक काळं. आणि खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. त्या खुर्चीत बसलेला माणूस परीक्षेच्या हॉलवर लक्ष ठेवतोय असंच बाहेरून वाटणार. माझा नवरा, उदय, त्या खुर्चीत कधी बसत नसे. मला वाटायचं त्याला उजेड सहन होत नाही. पस्तीस वर्षं ती खुर्ची तशी आहे, आणि मी ती एकदाही बाहेरून पाहिली नव्हती.

आत जाऊन खुर्ची फिरवली. आता भिंतीकडे तोंड आहे, वाचायला उजेड कमी पडतो.

मग जयला फोन केला. मी का, केव्हा, कसं यातलं काहीही विचारलं नाही. दिनाबाई, हे मला किती कठीण गेलं ते तुम्हाला कळणार नाही. मी म्हटलं, मायराचा फॉर्म मिळाला, छान भरला आहे. तो म्हणाला, "आई, रागावलीस?"

मी म्हटलं, "हो. टपालपेटीपर्यंत येऊन परत गेलास, त्याचा राग आला आहे. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

त्यापुढे तो रडला. मी फोन कानाला धरून बसून राहिले. माझ्या माहितीप्रमाणे तो शेवटचा नऊ वर्षांचा असताना रडला होता, आणि तेव्हा मी त्याला खोलीत जाऊन तोंड धुऊन ये म्हटलं होतं. या वेळी म्हटलं नाही.

मायकेलाला मी कोरा फॉर्म पाठवला. सोबत एक ओळ, 'पहिला बरोबर होता.' तिने उत्तरात त्या तळ्याकाठच्या खोलीचा फोटो पाठवला. खिडकीत तुळस आहे. माझ्याच कुंडीतलं बी, मी तिला लग्नात दिलेलं. ते तिने बरोबर नेलं हे मला अपेक्षित नव्हतं.

आता केबिन. जय म्हणतो, रद्द करू. मी नाही म्हटलं. बेत मी मार्चपासून आखते आहे, नकाशावर बारा पुलांची अंतरं लिहिली आहेत, गोचिड्यांचे मोजे आणले आहेत. त्या दोघांना आठवडाभर एका छपराखाली नाटक करायला लावायचं नाही, एवढाच बदल. ते पहिल्या दिवशी मायराला सोडतील, शेवटच्या दिवशी नेतील. मधले दिवस आपण दोघी आणि मायरा. तुमची आधीची सूचना, तिघींनी एक खोली घेण्याची, मान्य.

पण तुम्ही येणार का हे मला माहीत नाही. म्हणून विचारते. नवा फॉर्म सोबत आहे, मायकेलाला त्या आठवड्यात कामं असतील, तेव्हा अडचणीला दुसरं कुणाचं नाव घाला. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मी शोधते आहे.

मधुमती


मँचेस्टर
२० जून

विहीणबाई (अजून म्हणते),

येते. रेनकोटसकट येते.

फॉर्म परत पाठवलाय. अडचणीला मधुमती गुप्ते, हॅरो, असं लिहिलंय. नात्याचा रकाना मोकळा ठेवला. तो तुम्ही भरा.

नवसाचा विचार करत होते. मागितलेलं मिळालं की नवस फेडायचा, ही रीत. मला मिळालेलं नाही. पण परवा मायकेलाचा फोन आला, तिने जयला तुळशीला पाणी किती घालायचं ते विचारलं होतं म्हणाली, आणि त्याने तुम्हाला विचारून सांगितलं. तिघं जण एका कुंडीपायी बोलताहेत. मी मलिदा करणार आहे. एलियाहू हन्नाबीला काय समजायचं ते समजू दे.

पातळ पोहेच आणा. मागच्या वेळी तुम्ही जाड आणले होतेत, मी बोलले नव्हते.

दिना


किकापू नदीकाठची केबिन, विस्कॉन्सिन
१३ ऑगस्ट, सकाळी साडेसहा

दिनाबाई,

तुम्ही माझ्यापासून चार फुटांवर झोपला आहात. यंत्र काढून डबीत ठेवलं आहे, त्यामुळे बोलून उपयोग नाही, आणि मोठ्याने बोलले तर मायरा उठेल. तशीही मला ही गोष्ट लिहूनच जमेल.

काल नदीकाठी तुम्ही चादर अंथरलीत तेव्हा मला धास्ती वाटत होती. जय आणि मायकेला दोन वेगळ्या गाड्यांतून आलेले मी प्रथमच पाहिले. माहीत असणं वेगळं आणि दोन गाड्यांची दारं एकापाठोपाठ लागलेली ऐकणं वेगळं. मायरा मात्र एका गाडीतून पोहण्याचा पोशाख आणि दुसरीतून मांजराचा फोटो काढून आणत होती, जणू सगळ्यांचं सामान असंच दोन ठिकाणी असतं.

तुम्ही मलिद्यावर तुमची प्रार्थना म्हटलीत. मला ती कळत नाही, पण मध्ये एकदा तुमचा आवाज थांबला ते कळलं. मग वाटप झालं. मायकेलाने जयच्या द्रोणातले मनुके एकेक करून काढून स्वतःच्या द्रोणात घातले. त्याला मनुके चालत नाहीत. तिचं तिच्या लक्षातही आलं नाही. जयने, तुम्ही आणि मी ते पाहिलं. मी त्यावर काही बोलले नाही, याची नोंद घ्यावी.

निघताना जयने माझ्या हातात घडी केलेला कागद दिला आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसला. मी तो रात्री उघडला नाही, आता उघडला. त्याचा मार्चमधला फॉर्म आहे, माझ्या लाल खुणांसह. माझी दुरुस्ती त्याने खोडलेली नाही. तिच्यावर काळ्या शाईत पुन्हा लिहिलं आहे. अडचण आली तर कुणाला कळवायचं, दिना रोहेकर, आई. त्याखाली दुसरी ओळ, मधुमती गुप्ते, आई. दार उघडं असतं.

शेवटचं वाक्य त्या रकान्यात बसत नाही. मी ते तसंच ठेवलं आहे.

आता तुमचा फॉर्म. नात्याचा रकाना तुम्ही माझ्यावर सोडलात. मी दोन महिने तो सोबत बाळगते आहे. मैत्रीण लिहून पाहिलं. ते खोटं आहे, मैत्रिणीला मी एवढी वर्षं अहो-जाहो केलं नसतं आणि मैत्रिणीने माझ्यापासून माझा मुलगा लपवला नसता. शेजारीण नाही, बहीण नाही. मायराची दुसरी आजी असं लिहिलं, ते बरोबर आहे, पण त्यात मायरा आहे, आपण नाही. शेवटी आज पहाटे लिहिलं ते हे: विहीण. काळ्या शाईत. कोर्टाला मुलांचं लग्न मोडता येईल, तो त्या दोघांचा कागद आहे. हा आपला आहे, आणि त्यावर सही माझी आहे.

माझ्याही फॉर्मवर तुमचं नाव घातलं आहे. नातं तेच.

मी आता त्या चाळीस पावलांवरच्या खोलीत जाऊन येते. वाटेवर काल बदकं होती. तुम्ही पुढे चालणार होतात, पण तुम्हाला उठवत नाही. पत्र तुमच्या चष्म्याखाली ठेवते. वाचून झालं की यंत्र लावा आणि चहाचं पाणी ठेवा. नऊ वाजता पहिल्या पुलाशी होडी येणार आहे, उशीर चालणार नाही.

मधुमती